भांड्यांचा आवाज

या सदरातले अनुभव मी वाचते ते चुका काढायला, हे आधीच सांगून टाकते. कुणाला जिन्यात बाई दिसली की मी मनात विचारते, चष्मा लावला होता का? आदल्या रात्री झोप झाली होती का? मी डॉक्टर आहे, आणि डॉक्टर व्हायच्या आधीपासून संशयी आहे. पाहुणा जरा जास्त गोड बोलला तरी माझं ठरलेलं — याचं काहीतरी काम आहे बघ. दादा म्हणायचा, तू मेडिकलला कशाला गेलीस, पोलिसात जायचंस. तर अशा बाईला आज इथे लिहायची वेळ आली आहे... लिहिते.

हे घडलं तेव्हा मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला होते, मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला. दादा-वहिनी तिथेच राहायचे. दादा इंजिनिअर, त्याच्या भरवशावरच मला घरच्यांनी जर्मनीला पाठवलं होतं. आई-बाबा नाशिकला. शेवटचं वर्ष म्हणजे दिवसभर वॉर्डात राबायचं आणि शेवटी तोंडी परीक्षा. तिच्यात आजारांबद्दल विचारतात, त्याचं मला काही वाटत नव्हतं. धास्ती होती ती दुसऱ्या भागाची. समोर एक प्रसंग ठेवतात — सिनिअर चुकतोय, नातेवाईक दडपण आणतायत — आणि विचारतात, तू आधी काय करशील आणि का? आपल्याकडे मोठ्यांनी सांगितलं की मान डोलवायची सवय. तिथे मान डोलावली की नापास.

त्यात घरचे विचित्र वागायला लागले होते. आई व्हिडिओ कॉल घेईना. नेट नाही म्हणायची आणि साधाच फोन करायची. दादा ऑफिसच्या कामासाठी म्हणून अचानक पुण्याला जाऊन आला आणि आल्यापासून गप्प. वहिनी न मागता डबा पाठवायला लागली, तोही माझ्या आवडीचा. मी हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला — माझ्यासाठी स्थळ बघतायत. परीक्षा झाली की समोर आणून उभं करणार. मला इतका राग आला होता की मी मुद्दाम काही विचारलं नाही. म्हटलं, बघू किती दिवस लपवतात.

शनिवारी दुपारी सरावाचा वर्ग असायचा. तिथे पेशंट म्हणून नट येतात — रिटायर झालेले शिक्षक, हौशी नाटकवाले. त्यांना एक गोष्ट ठरवून दिलेली असते आणि ते तेवढंच बोलतात. आम्हाला ती आधी माहीत नसते. माझा सरावाचा जोडीदार योनास कोपऱ्यात बसून ऐकायचा, ट्रेनर बाई मार्क द्यायच्या, मग आम्ही जागा बदलायचो.

परीक्षेला महिना राहिला होता. त्या दिवशी पेशंट होत्या फ्राउ लोरेन्झ. सत्तरीच्या, पक्क्या जर्मन, बोलणं मोजूनमापून. मी त्यांच्यासमोर बसले, नाव सांगितलं. रिपोर्ट वाईट आहे, फार दिवस नाहीत, हे त्यांना माहीत आहे, एवढंच मला आधी सांगितलं होतं.

"माझ्या मुलीला सांगू नका," त्या म्हणाल्या. "तिची परीक्षा आहे. ती होऊ दे, मग सांगू."

मी अभ्यास केलेला होता. म्हटलं, "तुमची इच्छा नसेल तर मी कुणालाही सांगणार नाही. पण नंतर कळल्यावर तिला काय वाटेल, याचा विचार केलात का?"

"ती फार संशयी आहे हो. म्हणून तिचा फोन आला की माझी बहीण शेजारी बसून भांडी वाजवते. तिला वाटतं, मी स्वयंपाकघरात आहे."

हे सगळं जर्मनमध्ये, शांतपणे. ट्रेनरने मध्येच विचारलं, समजा आता त्या मुलीचा वॉर्डात फोन आला, तर? मी म्हटलं, काही सांगणार नाही. शेवटी पेशंटची इच्छा.

"गेनाऊ," अगदी बरोबर, ट्रेनर म्हणाल्या आणि मला पैकीच्या पैकी मार्क दिले. मग फ्राउ लोरेन्झकडे वळून जरा तिखट आवाजात म्हणाल्या, "पण मुलगी कुठून आली? तुम्हाला तर ऑस्ट्रेलियातला मुलगा दिला होता. परीक्षा नाही, भांडी नाही. असं बदलायचं नसतं."

फ्राउ लोरेन्झ गोंधळल्या. "मला वाटलं, असंच होतं."

मला पटलं नाही. मी कॉफीच्या मशीनपाशी त्यांना गाठलं आणि पोलिसासारखी उलटतपासणी घेतली. भांड्यांचं कुठून आणलंत? त्यांना बहीण नाही, मुलगी नाही. माझ्या दादाला ओळखता का? नाही. कुणी भारतीय ओळखीचं? त्यांनी खरंच आठवून पाहिलं आणि म्हणाल्या, "तूच." मला वाटलं, ही ट्रेनरचीच युक्ती असणार. भारतीय मुलगी दिसली, दिली भारतीय आई. योनासला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "पण मग ट्रेनर त्यांच्यावर एवढ्या का चिडल्या?"

ट्रामच्या थांब्यावर आले तरी ती भांडी डोक्यातून जाईनात. कारण गेले पंधरा दिवस आईचा फोन आला की मागे भांडी वाजत होती. रोज. मी एकदा चिडून म्हटलंही होतं, आई, किती गं पसारा काढतेस, ऐकू येत नाही मला.

मी तिथेच बाकावर बसून फोन लावला. आईने उचलला. जेवलीस का, थंडी आहे का, नेहमीचंच. आणि मागे ताटली-चमच्याचा आवाज.

मी म्हटलं, "आई... मावशीला म्हणावं, आता थांब."

आवाज थांबला.

 मग आई हळूच म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, सगळीकडे पसरलेला. ती तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. बाबांनी सगळ्यांकडून वचन घेतलं होतं, पोरीच्या परीक्षेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. दादा तिलाच भेटून आला होता. मी त्याला फोनवर नको नको ते बोलले. त्याने दुसऱ्या दिवशीचं विमान बघितलं.

मी परीक्षा सोडून गेले. आई मला बघून आधी रागावली, मग माझा हात धरून झोपली. पुढचे दिवस तिचं सगळं मीच केलं — वेणी, पावडर, पेज भरवणं. मुलगी म्हणून केलं, डॉक्टर म्हणून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती गेली तेव्हा मी जवळ होते. परीक्षेची तारीख त्यानंतर आठ दिवसांनी होती.

घरात मात्र चौकशी सुरू झाली. हिला सांगितलं कुणी? बाबांचा संशय दादावर. दादाचा वहिनीवर. पण भांड्यांचं त्या तिघांनाही माहीत नव्हतं. ते आई आणि मावशीचंच गुपित, बाबा संध्याकाळी घरी अंघोळीला गेले की चालणारं. मग सगळे मावशीवर घसरले. मावशीने देवासमोर शपथ घेतली. तिला जर्मनीतल्या नटीला गाठायला येतं असं म्हणणं म्हणजे... जाऊ दे. मी खरं सांगितलं तर बाबा म्हणाले, "आता तू पण खोटं बोलायला लागलीस?"

परत आल्यावर मी फ्राउ लोरेन्झना भेटले. सगळं सांगितलं. त्या खुर्चीवर बसून दंड चोळत राहिल्या. म्हणाल्या, ते बोलताना मला काही वेगळं वाटलं नव्हतं, तेच जास्त वाईट. त्यांनी ते काम सोडलं. मी त्यांच्याबद्दलही शक्य तेवढी चौकशी केली, माझा स्वभावच तसा. काहीही निघालं नाही. योनास आजही शपथेवर सांगतो, मुलगी, बहीण, भांडी, सगळं त्यानेही ऐकलं.

परीक्षा मी नंतर दिली, पास झाले. आता जर्मनीतच, कार्ल्सरूहेला वॉर्डात आहे. कुणी पेशंट म्हणाला की घरी सांगू नका, तर मी सांगत नाही. तेच बरोबर आहे. आणि त्या शनिवारीही सगळे तसेच बरोबर वागले असते, तर मला आई भेटली नसती.

मागच्या महिन्यात बाबा माझ्याकडे आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "आता तरी सांग. कोण होतं?"

मी म्हटलं, "बाबा, जे झालं ते सांगितलंय. अजून किती दिवस भांडणार?"

"भांडायचं नाही गं," ते म्हणाले. "ऐनवेळी माझं ऐकलं नाही त्याने, म्हणून तुझी आई तुझा हात धरून गेली. त्याला एकदा भेटायचंय मला."

माझ्याकडे सांगायला नाव नव्हतं. अजूनही नाही.