न टोचणारी सुई

पांढऱ्या शर्टावर तांबडा ठिपका दिसला, तेव्हा काजवाल्या वहिनींनी आधी शेजारी शिवत बसलेल्या बाईच्या हाताकडे पाहिलं. मग आपला डावा हात उलटा केला. तर्जनीच्या पेरात सुई रुतून बसली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

शिवणाच्या दुकानात शर्ट-कोटांना बटणांची काजं हातानं करण्याचं काम त्या लग्न झाल्यापासून करीत होत्या. कापडाखाली डावी तर्जनी धरायची, सुईचं टोक लागलं की वळवायचं. सगळी भिस्त त्या बोटावर. त्यांनी थुंकी लावून ठिपका पुसला आणि कुणाला काही सांगितलं नाही. चप्पल वाटेत निसटून राहते आणि पायाला कळत नाही, हेही त्यांनी असंच दडवलं होतं.

बोट जाईल ही भीती होतीच. पण तिच्याहून मोठी भीती होती, ती डॉक्टर ‘दूध सुरू करा’ म्हणतील याची.

त्यांचं माहेर गोठ्यावर जगणारं. गोऱ्हा जन्मला की चार दिवसांत तो गाडीतून जाई आणि गाय हंबरत राही. तिला शांत करायला या पोरीला पाठवत. ते हंबरणं लग्नानंतरही पाठ सोडीना. जेवताना, नळ सोडल्यावर, कुठेही कानात उठे. मग त्यांनी दूध सोडलं. दही, तूप, लोकर, चामड्याची चप्पल, प्राण्यांकडून येणारं एकेक करून सगळंच सोडलं. एक दिवस घास तोंडात असताना लक्षात आलं, कान शांत आहेत. तेव्हापासून ताटावर बसताना त्या मनातल्या मनात ‘उपकार झाले’ म्हणत. कुणाचे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तो ठिपका पडल्यापासून मात्र नळातून पुन्हा तेच ऐकू येऊ लागलं.

घरात धाकट्या नणंदेच्या नजरेतून काही सुटत नसे. वहिनींनी फडक्याशिवाय तापलं पातेलं उतरवलं, तसा तिनं त्यांचा हात धरला.

“वहिनी, भाजलं नाही तुला?”

“सवय आहे, वन्सं.”

“सवय? चल, डॉक्टरीणबाईंकडे. दादा कामावरून यायच्या आत.”

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. कागद हातात आल्यावर त्या बराच वेळ तो वाचत राहिल्या. 

“तुम्ही दूध सोडलंत म्हणून तुम्हाला बी-बाराच्या कॅप्सूल दिल्या होत्या. घेता ना?”

“घेते,” वहिनी म्हणाल्या.

“रोज घेते,” नणंद म्हणाली. “दादा स्वतः पाण्याचा पेला घेऊन उभा असतो. नवीन नवरीचेसुद्धा एवढे लाड होत नाहीत.”

“मग रक्तात एवढं कमी कसं? नसा दुखावल्या आहेत. कारण कळलं नाही, तर पुढे चालणंही अवघड होईल.”

वहिनींनी पायांकडे पाहिलं. ते दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे वाटत होते. खरं सांगावं तर दूध माथी येणार. न सांगावं तर हात जाणार, पाय जाणार. कानात ते हंबरणं इतकं वाढलं, की आपलाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

“मी त्या गिळत नाही. त्यांचं वेष्टण गुरांच्या हाडांपासून करतात, असं दुकानात कळलं. हे एवढ्या हौसेनं आणतात, त्यांना कसं सांगू? गालात धरते आणि कोरफडीच्या कुंडीत टाकते.”

 नणंद म्हणाली, “म्हणून ती एवढी माजलीय होय.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “मला तेव्हाच विचारायचं. असल्या वेष्टणाशिवायच्या गोळ्या मिळतात. आधी इंजेक्शनं घेऊ; ते औषध जिवाणूंपासून बनतं. आणि दूध प्या, असं मी म्हटलंय का?”

“नाही.”

“मग एवढं घाबरता कशाला? बोटांत पूर्वीसारखी जाण येईलच असं मात्र मी सांगत नाही. उशीर केलात.”

वहिनींनी सगळं नवऱ्याला सांगितलं. त्यानं उठून कोरफडीची कुंडी बाहेर नेऊन ठेवली आणि म्हणाला, “आता गोळी थुंकायला खिडकीतून तोंड बाहेर काढायला लागेल तुला.”

आता इंजेक्शनं चालू आहेत. नणंद रोज सकाळी त्यांना डोळे मिटायला लावते आणि सुईनं बोटं तपासते.

“अंगठा,” वहिनी म्हणतात. “करंगळी.”

आज त्या वाट बघत बसल्या. 

“टोचा ना, वन्सं. थांबलात का?”

उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. सुई तर्जनीला लागलेली होती.

“उद्या बघू,” म्हणत नणंदेनं सुई पिनकुशनला खोचली आणि बिनदुधाचा चहा पुढे सरकवला. स्वतःसाठीही तिनं आज तसाच केला होता. “कडू आहे हा. पितेस कशी?”

वहिनींनी पेला दोन्ही हातांनी धरला. बोट मुकंच होतं आणि जीव धास्तावलेला होता. मोरीत नळ वाहत होता. त्यांनी कान देऊन ऐकलं. पाणीच होतं ते, नुसतं पाणी.

“उपकार झाले,” त्या म्हणाल्या, या खेपेला मोठ्यानं.