खाडीकडचा दोर

सत्तावीस वर्षं मी ह्यांची वाट पाहिली. हे कायमचे घरी आले, आणि सहा महिन्यांत रापणीने त्यांना माझ्याकडून पळवलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. जाळ्यावर कुणी जळतं का, असं माझी सून विचारते. मी जळत होते, चांगली वर्षभर जळत होते.

हे मुंबईला एका पेढीवर कारकून होते. वर्षातून दोनदा यायचे, चतुर्थीला आणि मे महिन्यात, तेही पाहुण्यासारखे. इथे मी सासू-सासरे, दोन मुलं, भातशेतीचे चार कुणगे आणि तीस माड सांभाळले. साठ सालाच्या आसपास हे नोकरी संपवून आले तेव्हा सासू-सासरे गेले होते, मुलगी सासरी होती आणि मुलगा मुंबईला कामाला लागला होता. घरात आम्ही दोघंच. मी मनात बेत करून ठेवले होते. दोन पाट शेजारी मांडायचे, जेवणं झाली की पडवीत बसायचं आणि ह्यांनी मला ती सत्तावीस वर्षं सांगायची. कुठे झोपत होता, ताप आला तर पेज कोण करून देत होतं, घरची आठवण येत होती की नाही, सगळं मला ऐकायचं होतं. पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाले, काय सांगूचा त्यात. आठवड्याने विचारलं तरी तेच. मग अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले.

आले तेव्हा प्रकृती अगदी उतरलेली होती. वय छप्पन्न, पण सत्तरीचे दिसायचे. पोट बिघडलेलं, रात्रीची झोप नाही, अंगणातून विहिरीपर्यंत गेले तरी दम लागायचा. वैद्यांनी औषध थोडं दिलं आणि रोज सकाळी समुद्रकाठच्या पुळणीवर तासभर चालायला सांगितलं. आमचं घर माडांच्या आड, समुद्र हाकेच्या अंतरावर. हे चालू लागले. आठ दिवस चालले असतील. नवव्या दिवशी रापणीवर माणसं कमी होती, कुणीतरी ह्यांना हाक मारली, ह्यांनी दोराला हात लावला आणि चालणं तिथेच संपलं.

मला हे कळलं ते दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईकडून. "वैनीनू, तुमचे घरकार आता आमचे झाले," असं ती पाटी उतरवता उतरवता म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवशी मी तिच्याकडून मासे घेतले नाहीत.

दोन महिन्यांत माणूस बदलला. हाताची सालं निघाली, मग हात घट्ट झाले. पाठ सरळ झाली. सकाळी परत आले की पेजेची दुसरी वाटी मागायचे, दुपारी घोरायचे, संध्याकाळी गुणगुणायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, गावचं वारं मानवलं हो तुमच्या घरकारांना. मी हसून मान हलवायची आणि आत येऊन भांडी आपटायची. इतकी वर्षं मी पाणी शेंदलं, भात कांडलं, पावसाळाभर चिखलात वाकले, तेव्हा माझी प्रकृती कशी सुधारते हे बघायला कुणी आलं नव्हतं. कष्टाला व्यायाम म्हणायला आधी माणसाला रिकामा वेळ लागतो. आणि ह्यांना सुखी करण्याचं काम, मला वाटत होतं, देवाने माझ्यासाठी राखून ठेवलंय. ते दुसऱ्याच कुणीतरी केलं, तेही फुकट. मला ते सहन होत नव्हतं.

फुकट म्हणजे, हे वाटा आणायचे. रापणीचा नियमच असा की दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कोणत्याही जातीचा, कोणत्याही घरचा असो. मूठभर पेडवे नाहीतर दोनचार बांगडे हे उपरण्यात बांधून मोठ्या अभिमानाने आणायचे. मी ते तळायची, पण त्यात कोकम घालायला विसरायची. मुद्दाम विसरायची.

एका सकाळी माडाचे झाप आणायचं निमित्त करून मी मागून गेले. सुरूच्या झाडांआडून पाहिलं. पंधरावीस माणसं दोर ओढत मागे मागे सरकत होती. हे मधोमध, धोतर वर खोचलेलं, एका बाजूला तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, दुसऱ्या बाजूला दात पडलेला एक म्हातारा. आणि हे बोलत होते. माझा नवरा, ज्याच्या तोंडून मीठ वाढ यापलीकडे शब्द निघत नव्हता, तो हात हलेल तसा बोलत होता. सांगत होता, एकदा मुंबईत महिनाभर विषमज्वराने पडलो होतो, खोलीतले लोक पाळीपाळीने उशाला बसायचे, घरचं पत्र मात्र चुकवलं नाही, खोलीतल्या एकाला लिहायला बसवलं आणि कळवलं की हात मुरगळलाय म्हणून दुसऱ्याचं अक्षर आहे. सगळे हसले. म्हातारा तर दोर सोडून हसला.

ते पत्र मला आठवत होतं. परक्या अक्षरातलं. मी ते वाचून हाताला लावायला तेल पाठवलं होतं.

झाप न घेताच मी घरी आले. हे आल्यावर मी पेज वाढली नाही. जे त्या लोकांना सांगता ते मला का सांगत नाही, असं सरळ विचारलं. ह्यांनी उपरण्याची गाठ सोडून मासे सुपात ठेवले. मग म्हणाले, "दोर हातात असलो की बोलूक येता. समोर बसान जमणा नाय."

ह्यावर भांडण तरी काय करणार. रात्रभर विचार केला आणि ठरवलं, दोरावरच बोलायचं असेल तर आपणही दोरावर जायचं. आमच्या घरातली बाई रापण ओढायला गेलेली कुणी पाहिली नव्हती. कोळ्यांच्या बायका ओढायच्या, शेतकरी घरातल्या नाही. मी दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि ह्यांच्या मागून निघाले. ह्यांनी एकदा वळून पाहिलं आणि चालत राहिले.

पण तांडेलाने मला ह्यांच्या दोरावर घेतलंच नाही. रापणीला दोन दोर असतात, जाळ्याच्या दोन टोकांचे. आमच्याकडे एक पुळणीच्या किल्ल्याकडच्या टोकाने ओढतात, एक खाडीकडच्या टोकाने, आणि जाळं जवळ येईल तसे दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे सरकतात. खाडीकडे हात कमी होते. मला तिकडे पाठवलं, बायकांत. हे दूर किल्ल्याकडे, दिसतील पण ऐकू येणार नाहीत इतक्या अंतरावर. मी त्या दिवशी रागाने ओढलं. आणि वाटे लागले तेव्हा माझ्यापुढचा वाटा मी परत सरकवला. म्हटलं, आमका काय कमी आसा, तुमकाच ऱ्हवांदे. मला वाटलं, मी मोठेपणा दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर खाडीकडच्या दोरावर माझ्यासाठी जागा नव्हती. दोर हातभर मोकळा दिसत होता, पण बायका सरकेनात. शेवटी माझ्यापेक्षा वयाने मोठी असलेली एक बाई म्हणाली, "वाटो नको होतो तर दोराक हात कित्याक लावलात? आमी काय तुमका गंमत दाखवतंव?"

माझे कान तापले. हे तिकडून बघत होते. हे कारकुनी केलेले, घरी भात-नारळ असलेले, तरी रोज मूठभर पेडवे उपरण्यात बांधून का आणत होते, ते मला तेव्हा कळलं. वाटा घेतला की माणूस त्यांच्यातला होतो, सोडला की बघ्या होतो. इतकी साधी गोष्ट ह्यांना पहिल्याच दिवशी समजली होती, आणि मी मात्र घराण्याचा तोरा घेऊन गेले होते. ह्याचाही मला हेवाच वाटला.

परत फिरले असते तर आयुष्यभर पडवीत बसून राहिले असते. मी तिथेच वाळूत बसले. जाळं वर येईपर्यंत बसले, मग उठून टोपल्या उचलू लागले, मासळी निवडू लागले. वाटे लागले तेव्हा तांडेलापुढे पदर पसरला. त्याने दोन तारले टाकले. मी ते सगळ्यांदेखत बांधून घेतले. तिसऱ्या दिवशी ती मोठी बाई हातभर सरकली.

मग मला गंमत कळली. दोर ओढताना कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे. पाय वाळूत रुततात, अंग तापतं, श्वास एका ठेक्यात येतो, आणि मनातलं आपोआप बाहेर येतं. माझे गुडघे दुखायचे, ते थांबले. पन्नाशीत मला पहिल्यांदा अंथरुणाला पाठ लागल्या लागल्या झोप येऊ लागली. आणि मी बोलू लागले. एकदा सांगितलं, मुलीच्या वेळी दिवस गेलेले असताना शेवाळावरून पाय घसरून मी विहिरीत पडले होते. पिंपळाच्या मुळीला लोंबकळत राहिले, वरून शेजाऱ्यांची म्हैस वाकून बघत होती, ती हंबरली म्हणून लोक आले. आणि त्याच संध्याकाळी मी मुंबईला पत्र टाकलं, इकडील सर्व खुशाल. बायका इतक्या हसल्या की दोर ढिला पडला आणि तांडेल ओरडला.

त्या दिवशी दोन्ही दोर एकत्र आले तेव्हा हे घामाने भिजलेले माझ्याजवळ आले.

"काय सांगत होतंस गो तेंका येवढा?"

मी म्हटलं, विहिरीत पडल्याचं. कोण पडलं, म्हणाले. मी, म्हटलं. ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. घरी येऊन पेजेची पहिली वाटीही पुरी केली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी बांगड्यांत दुप्पट कोकम घातलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी तांडेलाला गुपचूप विचारलं की आपल्यालाही माझ्याबरोबर खाडीकडच्या दोरावर घेता का. तांडेल नाही म्हणाला, किल्ल्याकडे जोर कमी पडेल. पुढे आठ हंगाम आम्ही असंच ओढलं, हे तिकडे, मी इकडे. परतताना वाटेत हे विचारायचे, आज काय झालं. मी थोडं सांगायची. मग मी विचारायची, हे थोडं सांगायचे. दोघंही उरलेलं राखून ठेवत होतो हे दोघांनाही माहीत होतं. कधी मला खाडीकडे जास्त हसू आलं तर हे दिवसभर घुसमटायचे. घुसमटू देत, म्हणायची मी मनात, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्याआधी अंगणात उभी असायची.