पाच नंबरच्या पाठीवरचे ठसे

स्टेडियमच्या मागच्या फाटकासमोर एक लाँड्री आहे. दुकान बारा फूट रुंद, पण खोल. पुढे काउंटर आणि एक लाकडी बाक, मध्ये इस्त्रीची दोन टेबलं, मागे तीन मोठी मशीन आणि त्यापलीकडे वाळवणाची पत्र्याची खोली. फुटबॉल क्लबचे कपडे गेली चोवीस वर्षं इथेच धुतले जातात. ते धुणारी बाई या चोवीस वर्षांत दोनदाच स्टेडियमच्या आत गेली आहे. दोन्ही वेळा टॉवेल पोचवायला.

तिला सगळे वहिनी म्हणतात. इस्त्रीवर उभा असलेला तिचा दीर दिवसातून शंभरदा तशी हाक मारतो. ती ऐकून ऐकून ती आधी गिऱ्हाइकांची, मग गल्लीची आणि शेवटी क्लबचं सामान सांभाळणाऱ्याचीही वहिनी झाली. वय बावन्न, बोलणं मोजकं. ऑफसाइड म्हणजे काय, हे दिराने तिला तीन वेळा समजावलं आणि चौथ्यांदा नाद सोडला.

कपडा मात्र ती वाचते. हॉटेलच्या आचाऱ्याचा कोट नुसता उलटवला, तरी माणूस डावखुरा आहे की उजवा आणि शेगडीच्या कोणत्या बाजूला उभा राहतो, हे ती सांगू शकते. सांगू शकते, पण सांगत नाही. दुकान हाती देताना सासूने एकच नियम घातला होता: कपड्यात दिसलेलं काउंटरबाहेर जाता कामा नये. औषधवाल्याने सोडलेली सिगारेट पुन्हा धरली, हे वहिनीला त्याच्या बायकोच्या दोन महिने आधी कळलं होतं. तिने शर्टाचा खिसा झटकला, शर्ट धुतला आणि घडी करून दिला.

यंदा क्लबच्या संघाने अठरा सामन्यांत अवघे सात गोल खाल्ले. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. त्यामुळे दुकानातल्या बाकावर वर्षभर एकच वाद चालला: श्रेय कुणाचं? बाकावर कायमचे तिघं. निवृत्त पोस्टमन, शेजारच्या सलूनचा न्हावी आणि शाळेत भूमिती शिकवणारे मास्तर. हे तिघं समर्थक मंडळाचे पंच. हंगामाच्या शेवटी सर्वोत्तम बचावपटूला मंडळ एक पितळी ढाल देतं, आणि ती कुणाला द्यायची ते हेच ठरवतात.

शेवटचा सामना रविवारी झाला. मंडळाच्या खोलीत रंगकाम चालू असल्याने सोमवारी दुपारी निकाल करायला तिघं बाकावरच बसले.

“दार कितीही लोटा,” पोस्टमन म्हणाला, “मागे कुलूप आहे.” कुलूप म्हणजे गोलकीपर.

“दारापर्यंत येऊ कोण देतं?” न्हाव्याने विचारलं. “नांगराची चड्डी बघितलीत काल? पांढरं म्हणून इंचभर दिसत नव्हतं.” नांगर म्हणजे पाच नंबर. घसरत जाऊन चेंडू काढायचा आणि मैदानाला चर पाडायचा, म्हणून ते नाव.

“जमिनीवर लोळणं हे काम असेल, तर आमचे जावई जगज्जेते आहेत.”

मास्तर हसले नाहीत. “श्रेय रचनेचं आहे. म्हणजेच प्रशिक्षकाचं.”

“मास्तर, प्रशिक्षकाला ढाल देता येत नाही. नियमावलीत आहे. तुम्हीच लिहिलंय,” पोस्टमन म्हणाला.

“ती चूकच झाली,” मास्तर म्हणाले.

मास्तरांचं मत असं मोकळं असल्यामुळे दोघंही त्यांच्या मागे लागले होते. न्हाव्याने तर फुकट दाढी देऊ केली.

“आणि पुतळा?” दिराने इस्त्रीवरून विचारलं.

पुतळा म्हणजे चार नंबर. चौतीस वर्षांचा, नांगराशेजारी उभा राहणारा. उभाच राहतो, अशी प्रेक्षकांची तक्रार होती.

“पुतळ्याला कबुतरं द्या,” न्हावी म्हणाला. पोस्टमनला हसता हसता ठसका लागला.

“हसा. त्याला काढतायत,” दीर म्हणाला. “सकाळी पेपरात आलंय. परवा काढलेल्यांची यादी लागणार. नाव छापलं नाही, पण बचावफळीतला वयस्क खेळाडू म्हणजे दुसरा कोण? घरी दोन लहान मुली आहेत म्हणे. या वयात दुसरा क्लब कोण घेणार त्याला?”

“ढाल मिळाली तर राहील,” मास्तर म्हणाले. ते खरं होतं. ढाल मिळालेल्या खेळाडूला क्लबने पुढच्या हंगामात काढलं, असं एकवीस वर्षांत एकदाही घडलेलं नव्हतं. “पण ढाल काय दयेपोटी द्यायची?”

“छे!” पोस्टमन म्हणाला. या मुद्द्यावर तिघांचं एकमत झालं.

मागच्या खोलीतून वहिनी बाहेर आली. तिच्या हातात दोन पोती होती. क्लबचे खेळाडू मध्यंतरात जर्सी बदलतात, म्हणून कपडे दोन पोत्यांतून येतात: पहिल्या डावाचे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. रविवारचे कपडे सोमवारी दुपारपर्यंत वाळून घडीला येतात. ही पोती अजून बांधलेलीच होती.

“वहिनी, हे धुतले नाहीत?” दिराने इस्त्री उभी केली.

“नाही. काउंटर मोकळा कर.”

तिने पहिल्या पोत्यातून पाच नंबरची जर्सी काढली आणि पाठ वर करून पसरली. तिच्या खाली दुसऱ्या पोत्यातली पाच नंबरची. मग बाजूला तीन नंबरच्या दोन, सहा नंबरच्या दोन. घामाचा आंबूस वास दुकानभर पसरला. तिघं बाकावरून उठून काउंटरपाशी आले.

“मोजा,” ती न्हाव्याला म्हणाली.

“काय मोजू?”

तिने नांगराच्या पाठीवर बोट ठेवलं. तिथे काळसर डाग होता. दोन छोट्या रेघा, शेजारी शेजारी, अर्ध्या बोटाएवढ्या. त्याच्या खाली आणखी एक. कमरेशी तीन. न्हावी चष्मा लावून मोजू लागला. पाच नंबरच्या पाठीवर चौदा भरले. तीन नंबरच्या पाठीवर नऊ, सहाच्या पाठीवर अकरा.

“आता या.” तिने दुसऱ्या डावातल्या जर्सी पुढे सरकवल्या. न्हाव्याने त्या उजेडाकडे धरल्या, उलटसुलट केल्या. एकही नव्हता.

“डांबर आहे का हे?” पोस्टमनने विचारलं.

“चिकटपट्टीचा गोंद. घामाने सुटतो, वर धूळ बसते. साबणाला दाद देत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने एकेक काढावा लागतो. दोन वर्षं काढतेय.”

“पट्टी कुणाची?”

पहिल्या पोत्यातून वहिनीने चार नंबरची जर्सी काढली. तिच्या पाठीवर काहीच नव्हतं. कॉलरभोवती मात्र वाळलेल्या मिठाचा पांढरा काठ होता, तो बोट लावताच भुरभुरला. मग तिने चार नंबरची चड्डी ठेवली. मातीचा कणही नव्हता. उजव्या मांडीवर, जिथे माणूस हात पुसतो तिथे, त्याच दोन रेघा वीस-पंचवीसदा उमटल्या होत्या.

“उजव्या हाताची दोन बोटं,” मास्तर हळूच म्हणाले. “एकत्र बांधलेली असतात त्याची. कधीतरी मोडली होती.”

न्हाव्याने आपली दोन बोटं जोडून नांगराच्या पाठीवरच्या पहिल्या ठशावर ठेवली. डाव्या खांद्याच्या खाली, किंचित तिरकी. त्याने जराशी ढकलली. मग दुसऱ्या ठशावर. मग कमरेवरच्या. त्याचा चेहरा बदलत गेला.

“अहो,” तो म्हणाला, “हे मी दिवसभर करतो. दोन बोटं लावायची, डोकं वळतं. गिऱ्हाईक पेपर वाचत असतं, त्याला कळतही नाही मान कधी फिरली.” त्याने पुन्हा बोटं ठेवली. “हा इथे त्याला उजवीकडे सरकवतोय. इथे मागे खेचतोय. आणि इथे थांब म्हणतोय.”

“चौदा वेळा,” पोस्टमन म्हणाला.

“एका डावात. एकट्या नांगराला.”

“पण त्याची स्वतःची चड्डी बघा की! एकदा तरी पडलाय का?” पोस्टमनने विचारलं.

“पडायची वेळ आणली नसेल त्याने,” न्हावी म्हणाला. वर्षभर तो याच्या नेमकं उलट सांगत आला होता, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

मास्तर दोन्ही ओळींकडे पाहत होते. “मध्यंतराला पाय मुरगळला म्हणून चार नंबर बाहेर गेला. काल आपण खाल्लेले दोन्ही गोल त्यानंतरचे.”

“आपण बदली खेळाडूला शिव्या घातल्या,” पोस्टमन म्हणाला.

“तुम्ही घातल्या. मी फक्त ओरडलो,” न्हावी म्हणाला.

तिघांची मिळून शे-सव्वाशे वर्षं मैदान बघण्यात गेली होती. या बाईने एक सामनाही बघितलेला नव्हता. पसरलेल्या जर्सींवर सगळा सामना होता: कोण कुठे चुकत होतं, कोण कधी वळवला गेला, आणि मध्यंतरानंतर कुणाच्याच पाठीवर कुणाचा हात नव्हता.

“वहिनी, दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं आणि बोलला नाहीत?” दिराने विचारलं.

“मी आत्ताही काही बोलले नाही,” ती म्हणाली. “मोजलं यांनी.” तिने जर्सी गोळा केल्या आणि आत गेली. थोड्या वेळाने मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

मंगळवारी ढाल पुतळ्याला जाहीर झाली. दरवर्षी मास्तर मानपत्रात दीड पान लिहितात. यंदा एकच ओळ होती: ‘इतर दहा जण योग्य जागी असल्याबद्दल.’ बुधवारी क्लबने काढलेल्यांची यादी लागली. तीत त्याचं नाव नव्हतं.

बाकावरचा वाद मात्र थांबला नाही. ठसे आधी कुणी ओळखले, यावर तो नव्याने पेटला. बोटं आपण ठेवली म्हणून न्हावी, पट्टी कुणाची हे आपण विचारलं म्हणून पोस्टमन, आणि निष्कर्ष आपला म्हणून मास्तर. वहिनी इस्त्रीचे कपडे मोजत असे.

नव्या हंगामातल्या पहिल्या सोमवारी तिने पोतं सोडलं आणि जर्सी एकेक करून पालथ्या घातल्या. पाच नंबरच्या पाठीवर सोळा. तीन नंबरच्या जागी या वर्षी नवा खेळाडू आला होता. त्याच्या पाठीवर सत्तावीस.

“वाढलेत की!” मागून डोकावत दीर म्हणाला. “सामानवाल्याला सांगू का? दुसरी पट्टी लावायला सांगेल त्याला. तुमचं काम तरी वाचेल.”

“काही सांगू नकोस,” वहिनी म्हणाली. तिने वाटीत स्पिरिट ओतलं, कापसाचा बोळा भिजवला आणि नव्या तीन नंबरच्या डाव्या खांद्यापासून सुरुवात केली.