मनकर्णाबाईंचा काळा मसाला

दिशा मूळची सुप्याची. वडील तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला, त्यामुळे तिचं लहानपण भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. माहेरी जुनं म्हणावं असं काही नव्हतंच. भांडी स्टीलची, शेजारी दर वर्षा-दोन वर्षांनी नवे. बी.कॉम. झाली आणि लग्न होऊन बेलापूरला पार्थच्या घरी आली, तेव्हा इथल्या माळ्यावर पालथी पडलेली पितळेची भांडी बघून तिला केवढं अप्रूप वाटलं होतं. या घराला मागचं काहीतरी आहे, असं तिच्या मनानं घेतलं.

पार्थ श्रीरामपूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये जायचा. घरात सासू, केशरबाई. त्यांचा मसाल्याला हात असा की कांदा-खोबरं भाजायला घेतलं की शेजारची बाई भिंतीवरून विचारायची, आज काय आहे म्हणून. दिशा त्यांच्याजवळ काळा मसाला शिकली आणि विकायला लागली. पण बेलापुरात मसाला कोण विकत घेणार? इथं घरोघरी उन्हाळ्यात मसाला होतोच. गिऱ्हाईक होतं ते पुण्यात, संभाजीनगरात, गाव सोडून गेलेल्या लोकांत. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर मोबाईलमधूनच.

तिनं व्हिडिओ बघून बघून ब्लॉग लिहायला घेतला. लोक दुकान शोधत नाहीत, लोक आपला प्रश्न टाइप करतात, एवढं तिला कळलं होतं. म्हणून ती प्रश्नांची उत्तरं लिहायची. काळा मसाला वर्षभर कसा टिकवायचा, दगडफूल जास्त झालं तर काय करायचं. वाचणारे थोडेफार आले, पण वाचून निघून गेले. पुण्याच्या एका बाईनं मात्र फोनवर विचारलं, हा मसाला मूळचा कुणाचा, तुमच्याकडे कुणी शिकवला? सासूनं, असं दिशा म्हणाली. बाई बरं म्हणाली आणि तिनं काही मागवलं नाही.

त्याच आठवड्यात भाजलेला मसाला गार करायला पसरट भांडं हवं म्हणून दिशानं माळ्यावरून एक पितळी परात काढली. चिंचेनं घासल्यावर काठावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटली. चि. सौ. मनकर्णा पुंजाराम हीस, पुणतांबे. पुंजाराम म्हणजे पार्थचे आजोबा, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण आजीचं नाव तर बनुबाई. दिशानं सासूला विचारलं. केशरबाई पीठ मळत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. असेल कुणीतरी जुनी, म्हणाल्या, लग्नात आलेलं भांडं आहे. दिशाला वाटलं, बनुबाईंचंच माहेरचं नाव असेल, लग्नात बदललं असेल. नाव मात्र तिला फार आवडलं.

मग तिनं ते लिहिलं. बेलापूरच्या मनकर्णा पुंजाराम यांचा काळा मसाला, असं वर मोठ्या अक्षरांत, शोधणाऱ्याला सापडावं म्हणून गावांच्या नावांसकट. पुणतांब्याहून नवरी होऊन आलेली मनकर्णाबाई, तीन दगडांची चूल, दहा माणसांचं घर. ती सगळ्यांना वाढून मग जेवायची, आणि तिचं पोट कधी रिकामं राहायचं नाही, कारण जो तो आपल्या ताटातलं तिच्यापुढं सरकवायचा. नातवंडांना मांडीवर घेऊन मसाला निवडायची. चांगली पिकून म्हातारी झाली आणि झोपेतच गेली. आणखी एक ओळ दिशाच्या हातून सहज उतरली. स्वयंपाकघरात शिरण्याआधी मनकर्णाबाई उंबऱ्यात थबकून कानोसा घ्यायची. खोबरं तडतडायला लागलं का, ते ऐकायची.

तो लेख चालला. आधीचे सगळे मिळून जेवढे वाचले गेले नव्हते तेवढा तो एकटा वाचला गेला. काळा मसाला असं कुणी शोधलं की पहिल्या पानावर मनकर्णाबाई. कुरिअरवाला रोज यायला लागला. दिशानं श्रीरामपूरला पाकिटं छापून घेतली, वर प्रेसवाल्यानं कुठूनसं काढलेलं एका हसऱ्या म्हातारीचं चित्र, खाली मनकर्णाबाईंचा काळा मसाला.

पाकिटं घरी आली त्या दिवशी केशरबाईंनी एक उचललं, वाचलं आणि चित्र खाली करून ठेवलं.

"दुसरं नाव न्हाई सापडलं तुला?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या मागच्या खोलीत, जिथं पाकिटं भरायचं काम चालायचं, तिथं यायच्या बंद झाल्या. भाजणं चुलीपाशी करून द्यायच्या, डबा दाराशी ठेवायच्या. दिशानं एक-दोनदा कारण विचारलं. गुडघे दुखतात, म्हणाल्या.

आणि दिशाचंही काहीतरी बिघडायला लागलं. लेखाखाली लोक आपापलं लिहायचे. संगमनेरच्या एका बाईनं लिहिलं, मी लहानपणी मनकर्णाबाईंच्या हातचं खाल्लेलं आहे, अजून चव जिभेवर आहे. दिशाला माहीत होतं की हे शक्य नाही. तरी वाचताना मानेवर काटा आला. छान वाटलं, असं तिनं उत्तर लिहिलं. पुढचे लेख तर विचार न करताच उतरायचे. मनकर्णाबाई पदर कसा खोचायची, विहिरीवर जाताना कुणाशी बोलायची. कुणीतरी पाठीशी उभं राहून सांगतं आहे आणि आपण नुसतं टाइप करतो आहोत, असं तिला वाटायचं. भर दुपारी मागच्या खोलीत पाकिटं चिकटवताना दाराबाहेर कुणी उभं आहे असं वाटून ती वळून बघायची. बाहेर ऊन असायचं फक्त. पार्थला सांगितलं तर तो म्हणाला, मिरचीच्या वासात दिवसभर बसतेस, डोकं जड होणारच.

दिवाळीनंतर एका दुपारी दारात रिक्षा थांबली. एक तरुण बाई आणि तिच्या हाताला धरून नऊवारीतली एक म्हातारी. दिशाला वाटलं, गिऱ्हाईक. अशी घर शोधत येणारी माणसं आताशा यायची. तिनं पाणी दिलं, पाकीट दाखवायला आणलं. म्हातारीनं ते दोन्ही हातांत घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि चित्रातल्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला.

"लई म्हातारी झाली हुती ग," ती म्हणाली.

दिशाला कळेना. मग बरोबरच्या बाईनं सांगितलं. तिचं नाव रुपाली, पुणतांब्याहून आल्या होत्या. ही तिची आजी, लंकाबाई, अजून बापाच्याच घरात राहणारी. मनकर्णा ही लंकाबाईंची थोरली बहीण. लंकाबाई लहान असताना बेलापूरहून निरोप आला होता की धुणं धुताना पाय घसरून मनकर्णा प्रवरेत गेली, सापडली नाही. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. आजी मात्र अधूनमधून काढायची. मागच्या महिन्यात रुपालीनं सहज म्हणून ते नाव मोबाईलमध्ये टाकलं, तर हे सगळं वर आलं. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, दोन्ही गावं तीच. रुपालीनं आजीला वाचून दाखवलं. आजीनं ते रोज वाचून घेतलं.

"जित्ती हुती," लंकाबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "लेकरं-बाळं झाली, नातवंडं झाली. मंग एकदा बी का आली न्हाई? पुणतांबं काय लांब हाय का? आमचं काय चुकलं, तेवढं इचारायला आले मी."

दिशानं हातातला तांब्या खाली ठेवला. तिला पळून जावंसं वाटलं. खोटं पुढं रेटावंसंही वाटलं, क्षणभर. म्हातारीनं उत्तराची वाट बघत तिच्याकडे तोंड वर केलं होतं.

"आजी, ते मी मनानं लिहिलं," दिशा म्हणाली. "मला फक्त नाव माहीत होतं. परातीवरचं. बाकीचं सगळं मी रचलं."

रुपालीला आधी समजलं. तिनं आजीच्या पाठीवर हात ठेवला. लंकाबाईनं पाकीट मांडीवर ठेवलं.

"म्हंजी जित्ती नव्हती?"

"मला माहीत नाही, आजी."

मग लंकाबाईनं विचारलं, की उंबऱ्यात थबकायची, हे तरी कुणी सांगितलं? तेही मनचंच, दिशा म्हणाली. लंकाबाईनं मान हलवली. थबकायची ती, म्हणाली, पण मसाल्यासाठी नव्हे. आत सासू आहे का, ते ऐकायची. लंकाबाई लहान असताना बापाबरोबर एकदा या घरी आली होती, तेव्हा तिनं हे बघितलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून मनकर्णाला वाढताना सासूचा हात आखडायचा. मसाला कुटून झाला की ती उखळात पाणी घालायची, तळाशी चिकटलेलं खरवडायची आणि ते पाणी पिऊन घ्यायची. धाकट्या बहिणीला तिनं जवळ घेऊन कानात सांगितलं होतं, पुढल्या वेळी येताना भाकरी आण, आईला सांगू नको.

दिशाला आपलीच ओळ आठवली, तिचं पोट कधी रिकामं राहायचं नाही. तिला तिथं बसवेना.

स्वयंपाकघराच्या दारात केशरबाई येऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि लंकाबाईंसमोर खाली जमिनीवर बसल्या.

"नदीत न्हाई गेल्या त्या," त्या म्हणाल्या. "चैत महिना हुता. नदीला पाणीच नव्हतं."

त्यांना हे बनुबाईंनी सांगितलं होतं. बनुबाई म्हणजे त्यांची सासू, पुंजारामांची दुसरी बायको. शेवटच्या दुखण्यात त्यांनी पुंजारामांकडून कळलेलं सगळं सुनेला जवळ बोलावून सांगितलं, आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून हातावर हात मारून घेतला. मनकर्णानं न विचारता भाकरी घेतली, यावरून एका संध्याकाळी घरात बोलाबोली झाली. मनकर्णाच्या सासूनं तिला मागच्या दारानं बाहेर घातलं आणि कडी लावली. ती बराच वेळ हाका मारत होती. पुंजाराम घरात होते, उठले नाहीत. पुढं हाका थांबल्या. सकाळी दार उघडलं तर पायरीवर कुणी नव्हतं. दोन दिवस वाट बघितली आणि मग पुणतांब्याला नदीचा निरोप धाडला.

लंकाबाईनं विचारलं, दार कुठलं. घर नंतर पाडून नव्यानं बांधलेलं. ते दार जिथं होतं तिथं आता मागची खोली, पाकिटं भरायची. लंकाबाई काठी टेकत तिथं गेली. भिंतीला लावून मसाल्याची खोकी रचलेली होती, प्रत्येकावर ते हसरं तोंड. ती मधोमध उभी राहिली. रडली नाही. दिशानं परात आणून दिली, ती तिनं रुपालीकडे सरकवली. मग केशरबाईंकडे वळली.

"मेलेली कुणी बगितली न्हाई ना?"

"न्हाई."

लंकाबाई दिशाकडे बघून म्हणाली, "मंग शोध. मला घावली तशी कुनाला तरी ती घावंल. पर आता खरं ल्ही."

संध्याकाळी पार्थ आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, लेख काढून टाक, पण दुसरं काही लिहू नकोस. आजोबांचं नाव त्यात आहे, गावात तोंड दाखवायचं आहे. यावर दिशाच्या आधी केशरबाई बोलल्या. हाका ऐकून न उठणाऱ्याचं नाव जाऊ दे, म्हणाल्या. पार्थनं आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो उठून बाहेर गेला, आणि त्यानं विषय पुन्हा काढला नाही.

दिशानं लेख काढला नाही. त्याच पानावर आधीचं सगळं पुसलं आणि जे घडलं ते लिहिलं, कारण शोधणारा त्याच पानावर येत होता. मनकर्णा, पुणतांब्याची, बेलापूरला दिलेली. उंच, सावळी, उजव्या भुवईवर पडल्याची खूण, हे लंकाबाईनं सांगितलेलं. गेली तेव्हा अंगावर हिरवं लुगडं, हे बनुबाईंकडून केशरबाईंना कळलेलं. आमच्या घरानं तिला बाहेर काढलं, असंही लिहिलं. खाली आपला नंबर दिला. चित्राची पाकिटं खोक्यांसकट जाळली, आणि साध्या पिशवीत मसाला भरायला लागली.

गिऱ्हाईक तुटलं. काहींनी फसवणूक म्हणून लिहिलं, आणि त्यांचं खोटं नव्हतं. काही राहिले. पण फोन यायला लागले ते वेगळेच. पाथर्डीकडची एक बाई म्हणाली, माझी आत्या ऊसतोडीला गेली ती परत आली नाही, तिचंही नाव तुमच्या पानावर टाकाल का? कुणाची मावशी, कुणाची चुलती. दिशा लिहून घ्यायची, पानावर टाकायची. मसाला घ्या, असं त्या फोनवर तिनं कधी म्हटलं नाही. केशरबाई आता मागच्या खोलीत येऊन बसतात, पण दाराकडे पाठ करून नाही. लंकाबाई दर बाजारच्या दिवशी रुपालीला फोन लावायला लावते. काय आलं का, विचारते. नाही आलं, दिशा सांगते.

लोक कुठले शब्द टाकून पानावर आले, ते ब्लॉगवाल्याला दिसतं. काळा मसाला भाव. दगडफूल म्हणजे काय. मार्च उजाडला तेव्हा त्यांत एक नवीन ओळ दिसायला लागली. मनकरना पुनतांबे बापाचं घर. काही दिवस जायचे आणि पुन्हा तीच ओळ. दिशानं रुपालीला विचारलं. रुपाली म्हणाली, आम्ही आता शोधत नाही, आणि शोधलं तर नीट लिहिलं असतं, मी शाळेत शिकवते. लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं होतं, ण च्या जागी न. कुणीतरी तोंडानं सांगत होतं आणि दुसरं कुणी टाकत होतं. नाही तर तसं बोलणारं माणूस स्वतःच. किंवा नुसताच कुणी रिकामटेकडा, वाचून चाळा करणारा.

जो कुणी होता त्यानं फोन केला नाही, काही लिहिलंही नाही. यायचा, बघायचा आणि जायचा.

दिशानं केशरबाईंना ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि शेजारी बसल्या. मग दिशानं पान उघडलं. सगळ्यात वर, मनकर्णाच्या नावाच्याही आधी, तिनं ते चुकीचं नाव जसंच्या तसं टाइप केलं, मनकरना, पुनतांबे, आणि त्याच्या खाली लिहिलं, की लंका अजून आहे, बापाच्या घरीच असते, दार उघडं आहे.