घोडा, मासा आणि एक नांगा

घोड्याला गाढवापेक्षा मासा जवळचा, असा शोध मी अमेरिकेत लावला आणि भर सभेत वाचून दाखवला.

याच कामासाठी आखाडा बाळापूरच्या एसटी स्टँडवर तुम्ही मला निरोप दिला होता. गळ्यात इतके हार, की कंडक्टरनं विचारलं, "लग्न कुणाचं?" बा म्हणाला, "लग्न न्हाई. पोरगं मोठ्या मशीनवर काम कराया चाललंय." म्हणून त्या मशीनवर माझं काय झालं, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

एक प्रथिन जवळजवळ सगळ्या प्राण्यांच्या अंगात असतं. ते कागदावर मांडलं की शंभरेक अक्षरांची ओळ होते. घोडा, गाढव, मासा, सगळ्यांच्या ओळी कार्डांवर भोकं पाडून उतरवायच्या आणि कुणाचं कुणाशी किती जुळतं ते कॉम्प्युटरला विचारायचं. गाढवाचं कार्ड करताना सुरुवातीचंच एक अक्षर माझ्या हातून सुटलं. पुढची सगळी एकेक घर सरकली आणि घोड्याशी काही म्हणता काही जुळेना. सभा हसली. माझे प्रोफेसर तेवढे हसले नाहीत. "महिन्याभरात धड चालणारा प्रोग्राम, नाहीतर परतीचं तिकीट." मला ते हार आठवले.

नुसतं कार्ड सुधारून भागणार नव्हतं. निसर्गातही अशी अक्षरं गळतातच. खिडकीबाहेर बर्फ, आणि मला दिसत होती आमची पेरणीची तिफण. पेरताना तिच्या चाड्यात बी सोडणारी माझी मूठ एकदा अडली होती. ज्वारी उगवली तेव्हा ओळीत हातभर नांगा, नुसती मोकळी जागा. घाबरून मी पुढची सगळी ओळच उपटायला बसलो. बा ओरडला, "काहून उपटून राहिला रे? नांगा तेवढा सोड, पुढची ज्वारी जागेवरच हाय!"

कॉम्प्युटरला मी तेच शिकवलं. जुळत नसेल तर नांगा सोड, त्याचा थोडा दंड लाव आणि पुढं बघ. (ही युक्ती इतरांनी आधीच छापली होती, हे मागाहून कळलं. मी वाचलं कमी, पेरलं जास्त.) प्रिंटआउट आला: गाढव घोड्याला चिकटून, मासा कुठल्या कुठं! प्रोफेसरांनी तो कागद लॅबच्या दारावर लावला आणि मला ठेवून घेतलं.

आता माझी चूल इकडेच पेटते. पण गाव म्हटलं की ती ओळ डोळ्यांपुढं येते: मी निघालो तिथं एक नांगा, बाकी सगळं जागेवर.

पहिल्या सुट्टीत प्रिंटआउट घेऊनच घरी आलो. बानं तो उलटा धरून नीट पाहिला.

"म्हंजे घोडा अन् गाढव एका घरचे, हे कळाया इतक्या लांब जावं लागलं?"

"व्हय, बा."

"मग खेचर कुठून येतं वाटलं व्हतं तुला, लेका?"