कोल्ड स्टोरेज आणि अणुबॉम्ब

माझ्या कोल्ड स्टोरेजला माझा सख्खा थोरला भाऊ ‘थर्माकोलचा डबा’ म्हणाला होता. तेही उद्घाटनाच्या दिवशी, भिंतीवर बोटांनी टकटक करून, बागाईतदार आणि व्यापारी ऐकत असताना. मी द्राक्षांचे क्रेट उचलण्यापासून सुरुवात केलेली. पिंपळगाव बसवंतच्या हायवेवर स्वतःची पाटी लागली तो दिवस, आणि सगळे हसले. त्यानंतर दादाशी मी बोललो ते लग्नकार्यात, गरजेपुरतं. माझा स्वभाव तापट आहे हे मला मान्य आहे. पण तो शब्द मी विसरलो नाही आणि विसरायचं कारणही मला दिसलं नाही.

मग सीमेवर तणाव वाढला. ओझरला विमानांचा कारखाना, त्यामुळे आमच्या भागात प्रत्येकाची खात्री होती की पहिला नेम आपल्यावरच. चहाच्या टपरीवर जो तो जाणकार झाला. एक म्हणे, तिकडं कुणीतरी लाल बटण दाबलं की खेळ खलास. दुसरा म्हणे, सुटलेलं क्षेपणास्त्र मधूनच परत बोलावता येतं, तोवर मोठी माणसं बसून मिटवतील. तिसऱ्याचं म्हणणं, आपल्या लोकांनी ते वरच्यावर पाडलं तर अणुबॉम्ब बरोबर आपल्या डोक्यावर फुटेल, त्यापेक्षा पाडूच नये.

मी कुठलाही माल दुसऱ्याच्या जिभेवर विश्वास ठेवून घेत नाही. माझी मुलगी नाशिकला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिला फोन लावला. ती म्हणाली, पप्पा, नावातच सगळं आहे, क्षेपण म्हणजे फेकणं. लांब पल्ल्याच्या अस्त्राचं इंजिन सुरुवातीला थोडा वेळ जळतं आणि विझतं. पुढचा सगळा प्रवास फेकलेल्या वस्तूचा. लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकायला आम्ही गोफण फिरवायचो, तिचीच आठवण तिनं करून दिली. गोफणीतून सुटलेला दगड कुणी परत बोलावलाय का? बटणाचंही तसंच, एका माणसाच्या एका बोटावर ते नसतं. हुकूम, गुप्त आकडे, कितीतरी हात मधे असतात. आणि अणुबॉम्ब म्हणजे सुतळी बॉम्ब नव्हे. आतला धातू सगळ्या बाजूंनी एकाच क्षणी सारखा दाबला गेला तरच तो पेटतो. वरच्यावर ठोकला तर बहुतेक मोडतो. विषारी तुकडे पडतील तिथे वाईटच, पण चित्रात दिसतो तो अळंबीसारखा ढग उठत नाही.

हे सगळं मी टपरीवर सांगितलं. कुणी ऐकलं नाही. भीती विकत घ्यायला लोक घासाघीस करत नाहीत.

दोन-तीन दिवसांनी दुपारी दादाची पिकअप माझ्या गेटात आली. आधी वहिनी उतरल्या. हातात कापडी पिशवी, काखेत गोधड्या. क्रेट उचलायच्या दिवसांत मी त्यांच्याच हातचं जेवलो आहे, घरी कितीही वाजता आलो तरी ताट झाकलेलं असायचं. त्यांचा चेहरा पाहिला आणि उठून उभा राहिलो. डोळे खोल गेले होते. लढाऊ विमान चाचणीला वर गेलं की आमच्याकडे मोठा धमाका होतो, खिडक्या थरथरतात, आम्हाला त्याची सवय आहे. त्या मात्र आता प्रत्येक धमाक्याला पलंगाखाली जात होत्या. जेवण सुटलं होतं, झोप नव्हती.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “दोन गोधड्या टाकायपुरती जागा द्या. तुमच्या भिंती लय जाड हेत.”

दादा दारात उभा होता. उद्घाटनानंतर पहिल्यांदाच. त्यानं भिंतीवर हात ठेवला, या वेळी तळहात. मग आपला हिशोब सांगितला. बाहेर एवढा उन्हाळा आणि आत द्राक्षाला काही होत नाही. उन्हाची धग येत नाही तर अणुबॉम्बचीही येणार नाही. त्याच्या गल्लीत सगळ्यांचं हेच मत पडलं होतं. हा विचार फक्त द्राक्षाच्या गावातच सुचू शकतो.

सौदा कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. समोरचा गरजेनं तुमच्या दारात आला की बोलायचं नसतं, त्याला बोलू द्यायचं असतं. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. डब्यात जागा मागायला आला होता तो. आणखी थोडा वेळ गप्प राहिलो असतो, तर त्या दिवशीचा शब्द त्यानं स्वतःहून परत घेतला असता.

तेवढ्यात वहिनींनी विचारलं, “दार आतून लागतं का ओ?”

बाई खरंच आत जाऊन बसणार होती. खोलीत गोठवणारी थंडी, आणि दार लागलं की बाहेरचा वारा नाही. मी दादावरच भडकलो.

“डोकं ठिकाणावर हाय का तुझं? ह्या भिंतीत काय हाय ठाऊक हाय का? अलीकडं पत्रा, पलीकडं पत्रा, मधे नुसता फेस. बॉम्ब लांब राहिला, आग लागली तर धुरानं माणूस मरंल.”

मागे भंगारात भिंतीच्या पॅनलचा तुकडा पडला होता. तो आणून नखानं उकरून दाखवला. पिवळा भुगा टेबलावर पडला. “थर्माकोलच हे, दादा,” मी म्हणालो. “तू म्हनला तेच.”

मी वाट पाहिली. ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ असं म्हणायचा त्याला पुरा हक्क होता, आणि म्हणाला असता तर मी त्याला गेटाबाहेर काढला असता. तो भुग्याकडे बघत राहिला.

“मग हिला कुठं नेऊ?” तो म्हणाला.

आयुष्यात त्यानं मला कधी काही विचारलं नव्हतं.

मी वहिनींकडे वळलो. त्यांना क्षेपणास्त्राची सगळी कथा सांगून उपयोग नव्हता, एकच गोष्ट सांगितली. “वहिनी, ते आवाजाच्या पुढं पळतं. धमाका कानावर आला म्हंजी ते तुमच्यावर पडलं नाय. ऐकू आलं, म्हंजी तुम्ही हायेत.”

त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग मी भाव ठेवला: कोल्ड स्टोरेज नाही, आवाराला लागून असलेलं माझं घर. मधली खोली, चारी बाजूंनी विटांच्या भिंती, वर स्लॅब, खिडकी नाही. त्यांनी लगेच अट घातली, हे आले तरच. दादा घुटमळला. उद्घाटनापासून माझ्या घराची पायरी तो चढला नव्हता. मी त्याच्याकडे न बघता गोधड्या उचलल्या आणि निघालो. मागून त्याच्या चपला वाजल्या.

माझ्या बायकोनं पिठलं-भाकरी वाढली. वहिनी अर्धी भाकरी जेवल्या आणि मधल्या खोलीत जमिनीवरच कलंडल्या. थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं. दादा एकदा आत डोकावून आला, टीव्हीचा आवाज त्यानंच बंद केला. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसलो. माफी त्यानं मागितली नाही. माझा रागही गेला नव्हता, अजून गेलेला नाही.

मग तो हळू आवाजात म्हणाला, “त्या फेसाच्या भिंतीत माल किती दिवस टिकतो रे?”

वहिनी जाग्या होऊ नयेत म्हणून मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि सांगू लागलो.