केळापूरच्या पाच प्रदक्षिणा

देवीवर माझा विश्वास होता, पण त्यात भक्ती कमी आणि धाक जास्त होता, हे आज कबूल करते. माझी लेक चौदा वर्षांची. शाळेच्या मैदानावर धावताना तिच्या कमरेपाशी कट् असा आवाज आला आणि ती जागीच बसली. यवतमाळच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. वाढत्या वयात हाडाचं टोक कच्चं असतं. मांडीच्या स्नायूने झटक्यासरशी कमरेच्या हाडाचा तुकडाच ओढून काढला होता. सहा आठवडे कुबड्या, त्या पायावर भार द्यायचा नाही, आणि तुकडा आणखी सरकला तर ऑपरेशन, असं त्यांनी बजावलं.

मी मुळात घाबरट. दवाखान्याच्या बाकावरच नवस बोलून बसले, की नवरात्रातल्या नवमीला पोर स्वतःच्या पायाने केळापूरच्या जगदंबेला पाच प्रदक्षिणा घालील. दिवस मोजायचं भानच राहिलं नाही. नवमी आली चौथ्याच आठवड्यात. नवस चुकला तर पाय कायमचा जाईल, ही भीती मला सोडेना. शेवटी नवऱ्याला न सांगता मी लेकीला ऑटोत घालून देवळाशी नेलं आणि पायरीजवळ तिच्या कुबड्या काढून घेतल्या.

"आई, लय दुखून राह्यलं," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी मी तिचा दंड सोडला नाही. "पाचच तर हायेत. नाव घे देवीचं."

तिने पाऊल उचललं, तेवढ्यात समोर बांगड्या विकणारी एक म्हातारी मुसलमान बाई दुकान टाकून आली आणि आमच्या आडवी उभी राहिली.

"नवस कोनं बोलला, बेटा?"

"मीच."

"मंग पोरीच्या हाडानं काहून फेडून राह्यली?"

आधी मला राग आला, मग रडूच कोसळलं. तिने लेकीला आपल्या स्टुलावर बसवलं, कुबड्या तिच्या हाती दिल्या. मी एकटीच आत गेले आणि अनवाणी पाच फेऱ्या घातल्या. प्रत्येक फेरीला वाटायचं, आता काहीतरी वाईट होणार.

काही झालं नाही. पुढच्या एक्स-रेत तुकडा जागेवरच होता, हाड भरत होतं. मग पडल्या पडल्या पाय उचलणं, कुबड्या सुटणं, हळूहळू चालणं, आणि काही महिन्यांनी मैदानाची एक सावकाश फेरी. ती बाई नेमकी तेव्हाच का उठली, मला ठाऊक नाही. मी तिचे आणि देवीचे उपकार वेगळे करू शकत नाही.

देवीने माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. तिच्या नावाने पोरीला वेठीला धरलं होतं ते मी.